दुसरी वेलांटी

"नदीकिनारी. दी दुसरी, कि पहिली, री दुसरी. स्वल्प."

नारायण पेठेतल्या मामाच्या दोन खोल्यांत मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली. मामा छापखान्यांची प्रुफं तपासायचा. संध्याकाळी कॉलेजातून आले की चहा व्हायचा आणि मग मी लेखकाचं हस्तलिखित घेऊन भिंतीला टेकून बसायची. मी मोठ्याने वाचायचं, मामाने समोरच्या प्रुफावर लाल पेन फिरवायचं. वेलांटी पहिली की दुसरी, उकार कुठला, स्वल्पविराम, अवतरण कुठे सुरू आणि कुठे बंद, सगळं तोंडाने म्हणायचं. पानाला दोन रुपये मिळत. सुरुवातीला मी गोष्टीत गुंतायची आणि वेग वाढायचा. मग मामा पेन उचलून म्हणायचा, "अगं, पुढे काय होतंय ते नंतर बघू. आता इथे काय लिहिलंय तेवढंच सांग."

ती फेरी झाली की तो प्रूफ घेऊन एकटा खिडकीपाशी बसे. ही दुसरी फेरी अर्थाची. पहिल्या फेरीत अक्षर अक्षराशी जुळतं का ते बघायचं आणि दुसऱ्या फेरीत वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं का ते. लेखकाकडेही एक प्रत जायची, पण तिच्यावर मामाचा भरवसा नसे. तो म्हणायचा, "लेखक आपलं प्रूफ वाचत नाही, आठवतो."

मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. या धंद्यात मी ऐकलेल्या सगळ्या शहाण्या वाक्यांत हे पहिलं, आणि ते म्हणणाऱ्याने कधी संगणकाला हात लावलेला नव्हता.

हे सगळं पुन्हा वर यायला कारण झालं. मागच्या महिन्यात आमच्या टीममध्ये वाद निघाला. आम्ही आठजण. त्यातल्या तिघांचं म्हणणं, यापुढे महत्त्वाचं सगळं काम दोघादोघांनी एका स्क्रीनसमोर बसून, पेअर प्रोग्रॅमिंगने करू. म्हणजे मागाहून रिव्ह्यूची वाट बघत दोन-दोन दिवस थांबावं लागणार नाही. बाकीच्यांना ते दमवणारं वाटत होतं. त्यांना हवं होतं की प्रत्येकाने आपापलं लिहावं आणि मग दुसऱ्याने नीट तपासावं. दोन्ही बाजूंनी लेखांचे दुवे आले, आकडे आले. शेवटी एकजण माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही दोन्ही केलंय. तुम्हीच सांगा." मी तेव्हा गप्प राहिले. एका वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं.

२००३ साली मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागले तेव्हा कंपनीच्या स्वागतकक्षात गुणवत्तेच्या सर्वोच्च पातळीचं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. त्या पातळीसाठी कोडची रीतसर तपासणी करावी लागे. मोठ्या टेबलाभोवती चार-पाचजण, प्रत्येकापुढे कोडचा कागदावरचा प्रिंट, एक चेकलिस्ट आणि एक एक्सेलचा तक्ता. ही पद्धत मुळात आयबीएममधल्या मायकेल फेगन यांची. १९७६ साली त्यांनी ती 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये मांडली. तिच्यात प्रत्येकाला नेमलेली भूमिका असते. सूत्रधार वेगळा, डिझाइन करणारा वेगळा, कोड लिहिणारा वेगळा, चाचणी करणारा वेगळा. सगळ्यांनी आधी आपापलं वाचून यायचं. बैठक दोन तासांच्या वर न्यायची नाही, कारण त्यानंतर डोळे बघतात पण दिसत नाही. बैठकीत चुका शोधायच्या, दुरुस्त करत बसायचं नाही. आणि एकाने वाचून दाखवायचं. डिझाइन तपासायचं असेल तर बहुधा पुढे जो त्याचा कोड लिहिणार, तोच ते आपल्या शब्दांत सांगतो.

हे शेवटचं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भिंतीला टेकून बसलेली मी दिसले.

फेगन यांनी आणखी एक गोष्ट बजावून ठेवली होती: तपासणीत सापडलेल्या चुका माणसाच्या मूल्यमापनासाठी वापरायच्या नाहीत. आमच्या कंपनीत मॅनेजर बैठकीला बसायचे आणि तक्त्यातली चुकांची संख्या वर्षअखेरीच्या रेटिंगमध्ये जायची. मग जे व्हायचं तेच झालं. बैठकीच्या आदल्या दिवशी मित्रमैत्रिणी एकमेकांना कॅन्टीनमध्ये खऱ्या चुका सांगून टाकत, त्या गुपचूप दुरुस्त होत, आणि बैठकीत कॉमेंट नाही, व्हेरिएबलचं नाव लहान आहे, असल्या बिनविषारी नोंदी व्हायच्या. तक्ता भरलेला, प्रमाणपत्र भिंतीवर, आणि दोन तास पाच माणसांपैकी कोणी कोणाचं काही वाचलेलं नाही. एका चांगल्या पद्धतीचा असा जीव जाताना बघून मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पुढे कित्येकजण तपासणीला नावं ठेवताना मी ऐकलं. त्यांनी पाहिलेली तपासणी बहुतेक हीच होती.

पण त्याच कंपनीत एकदा मला खरी तपासणी बघायला मिळाली. मॅनेजर रजेवर होते आणि सूत्रधार म्हणून आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई बसल्या होत्या. कोड होता ठेवींवरच्या व्याजाचा, गिऱ्हाईक अमेरिकेतली बँक. लिहिणारा हुशार होता आणि चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. बाईंनी त्याला गप्प बसायला सांगितलं आणि वाचायला दिलं नव्याने आलेल्या एका मुलाला. "ओळ वाचू नकोस. ओळ काय करते ते सांग." तो अडखळत सांगू लागला: "इथे रोजचं व्याज काढलंय... ते दोन दशांशांपर्यंत पूर्ण केलंय... मग महिन्याची बेरीज..." लेखक खुर्चीत पुढे आला. "नाही, नाही. आधी बेरीज, मग शेवटी एकदाच पूर्ण करायचं." वाचणारा घाबरून म्हणाला, "पण सर, इथे तसं नाहीये."

खरंच नव्हतं. रोज जास्तीत जास्त अर्ध्या सेंटचा फरक, तीस दिवसांत एका खात्यामागे पंधरा सेंटपर्यंत. एका खात्यात हा फरक कोणाच्या लक्षात आला नसता. लाखो खात्यांत तो ताळेबंदापर्यंत गेला असता. चाचण्यांमध्ये तो दिसला नाही, कारण त्याच माणसाने सोयीच्या गोल आकड्यांवर त्या लिहिल्या होत्या. आणि त्या लेखकाने स्वतःचा कोड त्या आठवड्यात दहा वेळा तरी पाहिला असेल. दर वेळी त्याला दिसलं ते त्याने लिहायचं ठरवलेलं.

पुढे या बैठकाच गेल्या. त्याला कारणंही होती. बेल लॅब्जमधल्या लॉरेन्स व्होट्टा यांनी १९९३ साली दाखवून दिलं होतं की बहुतेक चुका माणसं आधी एकटी वाचताना पकडतात, बैठकीत नव्याने फार थोड्या सापडतात. आणि पाचजणांची मोकळी वेळ जुळेपर्यंत काम मात्र पडून राहतं. मग साधनं आली. गूगलमध्ये २००६च्या सुमारास गिडो व्हान रॉसम यांनी रिव्ह्यूसाठी 'मॉन्ड्रियन' बनवलं, अँड्रॉइडच्या कामातून 'गेरिट' आलं, २००८पासून 'गिटहब' या कोड ठेवायच्या वेबसाइटचं पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल बघून आत घ्या' अशी विनंती, घरोघरी पोचलं. आता जो तो आपल्या जागी, आपल्या वेळी वाचतो. मला ते आवडलं होतं. मुलगी लहान होती. रात्री ती झोपल्यावर शांतपणे कोणाचा तरी कोड वाचायचा आणि कडेला प्रश्न लिहून ठेवायचे, हे बैठकीपेक्षा कितीतरी सोयीचं होतं.

पण जे एकट्याने करायचं ते निसटतं करणंही सोपं जातं. आठशे ओळींचा बदल समोर येतो, खाली मंजुरीचं हिरवं बटण असतं, आणि लिहिणाऱ्याची घाई माहीत असते. दोनशे ओळींचा बदल आला तर दहा शंका निघतात, दोन हजारांचा आला तर 'छान दिसतंय' एवढंच निघतं. ही गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाने केलेली आहे, मीही. २०१४च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' उघड झालं तेव्हा मी तो कोड मुद्दाम उघडून बघितला. इंटरनेटवरचे कितीतरी सुरक्षित व्यवहार ज्या 'ओपनएसएसएल' नावाच्या तयार कोडवर चालतात, त्यातली ती चूक. समोरचा संगणक म्हणतो, मी इतक्या लांबीचा मजकूर पाठवलाय, तो मला परत पाठव. आणि त्या सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवून, खरोखर तेवढं आलंय का हे न बघता, कोड आपल्या स्मृतीतलं ६४ किलोबाइटपर्यंतचं शेजारपाजारचं सगळं उचलून देतो. बदल आत गेला ३१ डिसेंबर २०११ला. तो तपासला गेला होता. लिहिणाऱ्याखेरीज आणखी एका जाणकाराने पाहिला होता. तरीही ती चूक दोन वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिली. मी त्या ओळी मोठ्याने वाचून पाहिल्या. "लांबी समोरच्याने सांगितली तेवढी धर..." इतकं म्हटलं की जीभ आपोआप अडते: समोरच्याने सांगितली म्हणजे? नुसत्या डोळ्यांनी वाचताना अडत नाही. अर्थात, चूक कुठे आहे हे माहीत असताना अडणं सोपं, हेही खरंच.

पेअरिंग माझ्याकडे उशिरा आलं, २०१२मध्ये, दुसऱ्या कंपनीत. केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर नव्वदीच्या दशकात ही रीत रुळवली आणि तिला नाव मिळालं, पण दोघांनी मिळून प्रोग्रॅम लिहिणं संगणकाइतकंच जुनं आहे. एनिॲक या सुरुवातीच्या अमेरिकन संगणकावर तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित बसवणाऱ्या जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर दोघी मिळूनच काम करत. फेब्रुवारी १९४६मध्ये जाहीर प्रात्यक्षिक होतं आणि आदल्या दिवसापर्यंत त्यांचा प्रोग्रॅम गोळा जमिनीवर पडल्यावरही थांबत नव्हता, हिशोब चालूच राहायचा. दोघींनी मिळून डोकं लावूनही ते सुटलं नाही. बेटी घरी जाऊन झोपल्या, आणि सकाळी त्यांना ठाऊक होतं की कुठला स्विच चुकीच्या जागी आहे. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. दोघींनी मिळून बांधलेलं, आणि सुटलं ते एक जण दूर गेल्यावर.

लहानपणी आजोळी आजी आणि मामी समोरासमोर बसून दळायच्या. जात्याचा खुंटा एक, हात दोघींचे. एकीची ओढ संपते तिथे दुसरीची सुरू होते, आणि मध्येच एक हात सोडून मूठभर दाणे आत टाकता येतात. एकटीलाही दळता येतं, पण खांदा भरून येतो. पेअरिंग चांगलं जमतं तेव्हा ते अगदी असं असतं. एकाच्या हातात कीबोर्ड, तो पुढची ओळ बघतो. दुसरा जरा मागे टेकून पुढचं वळण बघतो. कंटाळवाणी, भीती वाटणारी कामं दोघांत हलकी होतात. दहा वर्षं कोणी हात न लावलेला एक जुना कोड मी आणि एका सहकाऱ्याने असा सहा आठवड्यांत उलगडला. एकटीने मी तो सहा महिनेसुद्धा टाळला असता. गूगलच्या सुरुवातीच्या काळात जेफ डीन आणि संजय घेमावत एकाच संगणकासमोर बसून काम करत, हे वाचलं तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही.

न जमणारं पेअरिंगही सांगायला हवं, कारण त्याबद्दल कमी बोललं जातं. त्याच कंपनीत मी एका ज्येष्ठ माणसाबरोबर तीन आठवडे बसले आणि कीबोर्ड माझ्याकडे एकदाही आला नाही. मी काही म्हटलं की तो "हो हो, तेच करतोय" म्हणायचा आणि दुसरंच करायचा. खोलीत मी एकटी बाई, आणि चार वाजेपर्यंत माझं काम फक्त मान हलवणं. पुढे स्वतः ज्येष्ठ झाल्यावर एका नव्या मुलाजवळ बसले असताना मला कळलं की मीही तेच करते आहे: तो विचार करत थांबला की माझा हात पुढे जातो. त्या दिवशी टेबलावर गजराचं छोटं घड्याळ आणून ठेवलं. वीस मिनिटं झाली की कीबोर्ड द्यायचा, ओळ अर्धी असली तरी.

खर्चाबद्दल टीममध्ये बराच वाद झाला. युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी १९९९ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला तेव्हा जोड्यांना एकूण १५ टक्के वेळ जास्त लागला आणि चुका साधारण तेवढ्याच कमी झाल्या. पेअरिंगच्या बाजूचे लोक हा आकडा सांगतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००७मध्ये नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटनमधल्या २९५ व्यावसायिकांना घेऊन केलेला असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला, ९८ जोड्या आणि ९९ एकेकटे. तिथे जोड्यांना एकूण ८४ टक्के जास्त श्रम पडले. विरोधक हा आकडा सांगतात. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि तीच माझ्या अनुभवाशी जुळते: काम गुंतागुंतीचं असेल तेव्हा जोड्यांची उत्तरं ४८ टक्के अधिक वेळा बरोबर आली, आणि सगळ्यांत जास्त फायदा नवख्यांना झाला. सोप्या कामाला दोन माणसं लावणं म्हणजे पोळी लाटायला दोघींनी एकच लाटणं धरणं.

पण मी त्या दिवशी गप्प राहिले ती यामुळे नाही. २०१३ सालच्या एका शुक्रवारामुळे.

आम्ही दोघं ऑनलाइन पैसे कापण्याचा भाग लिहीत होतो. बँकेकडे विनंती जाते, कधीकधी उत्तर येत नाही, मग तीच विनंती पुन्हा पाठवावी लागते. प्रत्येक विनंतीबरोबर एक क्रमांक जातो. तोच क्रमांक पुन्हा आला की बँक ओळखते, हे आधीचंच आहे, आणि पैसे दुसऱ्यांदा कापत नाही. पहिल्या दिवशी आम्ही हे फळ्यावर काढलं होतं: क्रमांक एकदा बनवायचा, मग पुन्हा पुन्हा पाठवायचं. चौथ्या दिवशी कोड नीटनेटका करताना क्रमांक बनवणारी ओळ पुन्हा पाठवणाऱ्या फंक्शनच्या आत गेली. कीबोर्ड माझ्याकडे होता. शेजारचा बघत होता आणि "हे छान झालं" म्हणाला. मलाही छान वाटलं. आता दर वेळी नवा क्रमांक जाणार होता. टीमचा नियम होता की जोडीने लिहिलेल्या कोडला वेगळा रिव्ह्यू लागत नाही. चार डोळ्यांनी पाहिलेलाच असतो. शुक्रवारी दुपारी ते लाइव्ह गेलं. संध्याकाळी बँकेची उत्तरं उशिरा येऊ लागली आणि लोकांचे पैसे दोनदा, काहींचे तीनदा कापले गेले. एकाने फोनवर सांगितलं की ते मुलाच्या फीचे होते आणि खात्यात आता काही उरलेलं नाही. शनिवार-रविवार आम्ही एकेक नोंद हाताने जुळवून पैसे परत केले.

रविवारी तिसऱ्या एका मुलीला कारण शोधायला बसवलं. तिने कोड पहिल्यांदाच उघडला. पाचएक मिनिटांत ती म्हणाली, "पुन्हा पाठवताना क्रमांक तोच राहतो का?" आम्ही दोघं एकाच वेळी "हो" म्हणालो. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली.

तेव्हा मला मामाचं वाक्य आठवलं. आम्ही तो कोड वाचत नव्हतो, आठवत होतो, आणि दोघं मिळून एकच गोष्ट आठवत होतो. पहिल्या दिवसाचा फळा दोघांच्याही डोक्यात होता. चार डोळे होते हे खरं, पण दोन लेखकांचे. जोडीत बसलं की दुसरा माणूस वाचक राहत नाही. तासाभरात तोही लेखक होतो, आणि व्हायलाच हवा, त्याशिवाय जोडी जमत नाही. म्हणून 'पेअर केलंय, मग रिव्ह्यू कशाला' हा युक्तिवाद मला कधीच पटणार नाही. रिव्ह्यू टाळण्यासाठी पेअरिंग करायचं असेल तर ते करूच नये, असं मी नंतर टीमला सांगितलं. अवघड, अनोळखी, भीती वाटणारं काम असेल तर जरूर दोघांनी बसा, नव्या माणसाबरोबर तर बसाच. पण त्या खोलीत नसलेल्या कोणीतरी ते नंतर वाचलंच पाहिजे. आणि सोपं काम एकट्याने करा, फक्त लहान लहान तुकड्यांत पुढे द्या, म्हणजे वाचणारा खरंच वाचेल.

एकीने विचारलं, "आणि एआयने लिहून दिलेल्या कोडचं काय?" हल्ली आमच्याकडे निम्म्याहून जास्त ओळी तशा येतात. मला त्याचीच खरी काळजी आहे. त्या ओळींना आठवणारा लेखकच नाही. ज्याने मागितल्या त्याला फक्त आपण काय मागितलं ते आठवतं. मागच्या पंधरा वर्षांत आपण लिहिण्याचा वेग इतका वाढवला, आणि वाचण्याचा सराव मात्र एका हिरव्या बटणापर्यंत आणून ठेवला.

आता आम्ही दर बुधवारी सकाळी अकरा वाजता तासभर बसतो. लॅपटॉप मिटलेले, शंभरएक ओळींचा कागदावर प्रिंट. मॅनेजरना यायला बंदी आहे आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली आहे. मोजणी नाही, तक्ता नाही. लिहिणाऱ्याने बोलायचं नाही. वाचायचं दुसऱ्याने, स्वतःच्या शब्दांत, मराठीत, हिंदीत, जसं येईल तसं. पहिल्या बुधवारी सगळे संकोचले. मोठ्याने कोड वाचणं म्हणजे शाळेत उभं राहून धडा वाचल्यासारखं वाटतं.

गेल्या बुधवारी वाचायची पाळी जूनमध्ये रुजू झालेल्या मुलीची होती. कोड माझा. ती सावकाश सांगत होती: "इथे आधी यादी घेतली... मग ज्यांची मुदत संपली ते काढून टाकले... मग उरलेल्यांना..." आणि थांबली. पुन्हा वरून वाचलं, पुन्हा तिथेच थांबली. मला सांगावंसं वाटत होतं, शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"ताई, मुदत आजच संपते ते कुठे गेले?"

मी लाल पेन उचललं.